सावधानमध्ये न दिसणारी पाठ

‘सावधान’चा हुकूम झाला की स्क्वॉडमधला प्रत्येक कॅडेट ताठ दिसतो. छाती पुढे, हनुवटी वर, मुठी पँटच्या शिवणीला. पण तेवढ्यावरून मुलाची पाठ पारखायला गेलं तर हमखास फसगत होते. पी.टी. उस्ताद म्हणून मी मुलांना पाहतो ते विश्राममध्ये, मेसच्या बाकावर, संध्याकाळच्या प्रेपला. आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे हे त्यांना ठाऊक नसताना.

बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि घोटा साधारण एका ओळीत हवेत. मान पुढे आणि खांदे आत आलेले असतील तर मूल पोक काढून राहतं असं समजावं. बहुतेक पोक सवयीचं असतं. मुलाला पालथं झोपवून डोकं आणि छाती उचलायला सांगा. पाठ सरळ झाली तर रोजच्या व्यायामाने फरक पडतो. बाक तसाच ताठर राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

मागून पाहणं मात्र आपण विसरतो. आमच्याकडे सातवीतल्या एका कॅडेटचा उजवा खांदा बोटभर वर असायचा. ड्रिलला रोज ओरडा बसे, “कंधा नीचे!” तो खाली घ्यायचा, दहा पावलांत खांदा पुन्हा वर. पोरगा ढिला आहे, असं सगळे म्हणू लागले. एके दिवशी मी त्याला बनियन काढून, पाय जुळवून, गुडघे न वाकवता, तळहात जोडून पुढे वाकायला सांगितलं. मागून पाहिलं तर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट वर आलेली होती. त्याला एम.आय. रूमला नेलं. पुढे एक्स-रे झाला आणि निदान आलं: स्कोलिओसिस. यात कणा एका बाजूला वळतो आणि वळताना पिळतोही. वाढीच्या वयात हा बाक भराभर वाढू शकतो, मुलींमध्ये तर जास्तच, आणि बहुधा दुखत नाही. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याच्या आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “दप्तर जड होतं म्हणून झालं का हो?” नाही. दप्तराने किंवा वाकडं बसल्याने हा आजार होत नाही, तसा तो ओरडून सरळही होत नाही. त्याला वाढ संपायच्या आत पट्टा मिळाला, ही जमेची बाजू.

कॅडेटचा प्रश्न वेगळा होता. “उस्ताद, एन.डी.ए.चं काय?” मी म्हटलं, “ते मेडिकल बोर्ड ठरवेल. पाठ मात्र तुला जन्मभर वापरायची आहे.” मेडिकलच्या धास्तीने मुलं अशा गोष्टी लपवतात, कधीकधी घरचेही. लपवल्याने बाक वाढायचा थांबत नाही, उपचाराचे महिने तेवढे वाया जातात.

पालकांनो, दिवाळीला मूल घरी आलं की अभ्यंगस्नानाआधी तेल लावताना त्याला एकदा पुढे वाकायला सांगा. खांदे, पाठीवरची पाती आणि हात व कंबर यांमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, पाहा. फरक दिसला तर रागावू नका. सुट्टी संपायच्या आत डॉक्टर गाठा आणि हाऊसमास्तरांना कळवा.