काळी एक काळी नव्हती

मिरजेला आमचं घर सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर होतं. शाळा सुटली की मी तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. आत चाचा काम करायचे. छताला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या, लाखेचा वास, आणि मांडीवर आडवा घेतलेला एखादा तंबोरा. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा कानस. जवारी लावण्याचं ते काम तासन्‌तास चालायचं. मला ते बघायला आवडायचं, कारण प्रत्येक वेळी तार छेडली की रंग थोडा बदललेला असायचा.

१९८२ साल असेल, मी आठ वर्षांची होते. एका नव्या तंबोऱ्याची जोडाची तार वाजली आणि मी म्हणाले, "चाचा, हा अजून हिरवा आहे."

चाचांनी मान वर केली. "बरोबर बोललीस पोरी. लाकूड ओलं हाय अजून."

त्या दिवशी मी फार खूश होऊन घरी गेले. त्यांना हिरवा म्हणजे कच्चा असं म्हणायचं होतं. मला खरोखरचा हिरवा दिसला होता, नव्या पालवीचा, तारेच्या आवाजाच्या कडेला. आमच्या बोलण्यात एकच शब्द होता आणि गोष्टी दोन होत्या, हे कळायला मला बावीस वर्षं लागली.

आपल्या भाषेत असं काही लपून राहणं सोपं आहे. मैफल रंगते. आवाज गडद असतो. राग या शब्दाच्या मुळाशीच रंगवणं आहे. वर्ण म्हणजे अक्षरही आणि रंगही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे: शृंगार श्याम, करुण पारव्याच्या रंगाचा, अद्भुत पिवळा. अशा भाषेत वाढलेल्या मुलीनं आवाजाला रंग आहे म्हटलं तर कुणाला काय वाटणार? सगळ्यांनाच तसं दिसत असणार, असं मी धरून चालले होते.

अडखळले ते पेटीच्या क्लासमध्ये. आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात. बाया काळी चार, काळी पाचमध्ये गातात, पुरुष बहुतेक पांढरी एक, काळी एक, काळी दोनमध्ये. बाईंनी स्वर वाजवला आणि विचारलं, "ही कुठली पट्टी?" मी म्हणाले, "विटेच्या रंगाची." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. पेटीत रंग दोनच असतात, असं म्हणून त्यांनी मला अर्धा तास उभं केलं. ती काळी एक होती. काळी एक काळी नव्हती, ओल्या विटेसारखी होती, पावसात भिजलेल्या. आजही आहे. पण त्या दिवसापासून मी याबद्दल बोलणं बंद केलं.

हे दिसतं कसं, असं लोक विचारतात म्हणून सांगते. समोरचं जग झाकलं जात नाही. थंडीत काचेवर श्वास सोडला की जसा धुरकट डाग उमटतो आणि कडेनं विरत जातो, तसा रंग येतो, उजव्या भुवईच्या पलीकडे, हातभर अंतरावर. माझे वडील, आप्पा, रेल्वेत गार्ड होते. त्या काळी मिरज जंक्शनवर तिन्ही रूळ भेटायचे: पुण्या-कोल्हापूरचा ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडचा मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची छोटी नॅरोगेज, जिला जुनी माणसं अजून बार्शी लाइट म्हणत. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी शिट्टीच्या रंगावरून ओळखायची कुठली गाडी निघाली. नॅरोगेजची शिट्टी फिकी जांभळी, टोकाला पांढरी. आप्पा त्या गाडीवर असले की ती जांभळी रेघ दूर जाईपर्यंत मी जागी राहायची.

आप्पांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. मी बारा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी त्यात पहिल्यांदा रंगीत रोल घातला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी थेट गल्लीत गेले. माझं ठरलेलं होतं. चाचा तार छेडतील, खर्जाचा तो तांब्याचा रंग वर येईल, आणि तो आला की खटका दाबायचा. बाराच्या बारा फोटो मी तसे काढले. रोल धुवायला दिला. आठवडाभर झोप नीट लागली नाही.

फोटो आले. दुकान होतं, भोपळे होते, चाचा होते, थोडे हललेले. रंग नव्हता. मळकी पिवळट भिंत होती तशी होती. मी बाराही फोटो उजेडात धरून बघितले, उलटे करून बघितले. धुताना रंग निघून गेला असेल असं वाटून आईकडे रडले. आई म्हणाली, "अगं, भिंतीला रंग आहे कुठे?"

त्या बारा फोटोंनी मला फोटोग्राफर केलं. तोवर माझ्या डोळ्यांत दोन जगं एकमेकांत मिसळलेली होती आणि त्यांतलं कुठलं बाहेर आहे आणि कुठलं फक्त माझ्याकडे, हे सांगणारं कुणी नव्हतं. माणसांना विचारायची सोय राहिली नव्हती. कॅमेऱ्याला विचारता यायचं. जे कागदावर आलं ते बाहेर होतं. जे आलं नाही ते माझं. मी फोटो काढत गेले ते आधी या पडताळणीसाठी. चित्रकार झाले असते तर मला दिसणारा रंग कागदावर लावून मोकळी झाले असते, आणि ही सीमारेषा कदाचित कधीच कळली नसती.

१९९४ मध्ये मी पुण्याला एका स्टुडिओत उमेदवारी करायला लागले. लग्नाचे रंगीत अल्बम हे तिथलं मुख्य काम; मागच्या बाजूला कृष्णधवल फोटोंसाठी डार्करूम होती. तिथं पहिल्यांदा मला शांत वाटलं. लाल दिवा, डेव्हलपरचा ट्रे, कागदावर हळूहळू वर येणारी करडी आकृती. रंगीत फोटोत बाहेरचा रंग आणि माझा रंग भांडायचे. साडी गुलबक्षी आणि सनईचा आवाज शेवाळी, की मला साडीसुद्धा मळल्यासारखी वाटायची. कृष्णधवल कागदावर जागा रिकामी असते. डार्करूममध्ये मी कॅसेट लावायची, आणि सुराचा रंग त्या करड्या छटांच्या आजूबाजूला निवांत पसरायचा.

त्याच दिवसांत कोडॅक्रोमची हकिगत वाचली. १९३५ साली बाजारात आलेली ही रंगीत फिल्म मॅन्स आणि गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधली, एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. मिट्ट अंधारात रसायनांचा वेळ मोजायला घड्याळ दिसत नसे, म्हणून ते ठरावीक लयीत ब्राम्सच्या सिंफनीचा एक भाग शिट्टीवर वाजवत आणि सेकंद मोजत. मला ही गोष्ट इतकी आवडली की मीही प्रिंटचा वेळ तीनतालात मोजायला लागले, सोळा मात्रांची आवर्तनं. अजून तसाच मोजते.

मैफलींचे फोटो काढायला लागले ते १९९७ पासून. सवाई गंधर्व महोत्सव, रमणबागेचं मैदान, डिसेंबरची थंडी. निकॉन एफएम टू आणि चारशेची फिल्म सोळाशेला ओढून वापरायची. मंचाच्या कडेला आम्ही सातआठ जण बसलेलो असायचो. गायक समेवर आला, हात वर गेला, की सगळ्यांचे कॅमेरे एकदम वाजायचे. माझा वाजायचा नाही. समेवर रंग इतका भरून येतो की मला चेहरा नीट पारखता येत नाही. तान संपते, गायक श्वास घेतो, रंग कडेनं पातळ होत जातो, आणि त्या विरण्यात चेहरा एकदम स्वच्छ पुढे येतो. माझं बोट तेव्हा दाबलं जायचं. त्यातही संधी एकच असायची, कारण खटक्याच्या आवाजालाही रंग आहे, राखेच्या ठिपक्यासारखा, आणि तो पडला की सुराचा रंग पुसला जातो. मग पुढच्या आवर्तनापर्यंत थांबायचं.

एका संपादकांनी माझे फोटो टेबलावर पसरून विचारलं होतं, "तोंड मिटलेलं, हात मांडीवर. हे गातायत कुठे?" एकही फोटो छापला गेला नाही. मी दोन वर्षं इतरांसारखे समेवरचे फोटो काढले. ते छापून आले, पैसेही मिळाले. पण ते फोटो आज बघितले की मला त्यात काही ऐकू येत नाही. माझ्या जुन्या, न छापलेल्या फोटोंत एका ज्येष्ठ गायिकेचा एक होता, तो मी त्यांना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गंधार लागून गेलाय." त्या फोटोच्या वेळी खरोखर गंधारावरून खाली आल्या होत्या त्या. त्या संध्याकाळी मी समेवरचे फोटो काढणं सोडलं.

या सगळ्याला नाव आहे हे २००४ मध्ये समजलं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आदल्या वर्षी बीबीसीवर दिलेली व्याख्यानं एका मैत्रिणीनं छापून आणून दिली. त्यात एक व्याख्यान सिनेस्थेशियावर होतं: एका इंद्रियाची जाणीव दुसऱ्या इंद्रियाची जाणीवही जागी करते. आकडे रंगीत दिसणाऱ्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की मेंदूत आकडे ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग शेजारी शेजारी असतात, आणि काही जणांत त्यांच्यामधल्या जोडण्या नेहमीपेक्षा जास्त राहतात. मी ते पान उभ्यानं वाचलं. मग बसले. तीस वर्षांची होते मी.

शास्त्रज्ञ या अनुभवाचा खरेपणा तपासतात तो त्याच्या टिकण्यावरून. आज सांगितलेला रंग काही महिन्यांनी, न सांगता पुन्हा विचारला तरी तोच निघतो, आठवून सांगणाऱ्यांचा बदलतो. माझ्याकडे त्याचा पुरावा आयताच होता. १९९६ पासून मी प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं पट्टी आणि रंग लिहीत आले होते. आता मागची बाजू न बघता तेच स्वर ऐकले, रंग वहीत लिहिले, आणि मग प्रिंट उलटून ताडून पाहिलं. काळी एक, ओली वीट. पांढरी चार, ताकासारखी निळसर पांढरी. आठ वर्षांत एकही रंग हललेला नव्हता.

आईला फोन केला. सांगताना माझा आवाज कापत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, मग? गुरुवार तांबडा असतो हे मी कधी कुणाला सांगत बसले का?"

मला वाटतं मी मिनिटभर काहीच बोलले नाही. हे बऱ्याचदा कुटुंबात चालत येतं असं त्याच कागदांत लिहिलं होतं. सत्तरीला टेकलेल्या माझ्या आईला सातही वार रंगीत दिसत होते आणि तिलाही ते कधी कुणाला सांगायची गरज वाटली नव्हती. मला वारांना रंग नाहीत. पण गुरुवार तांबडा हे काही केल्या पटेना, गुरुवार उच्चारताना मला जो आवाज ऐकू येतो तो करडा आहे. त्यावरून आम्ही दोघी अर्धा तास वाद घालत राहिलो, आणि आयुष्यात आमचा तेवढा सुखाचा वाद दुसरा झाला नाही.

नंतर शोधलं तर माझ्यासारखंच काम करणारी माणसं सापडली. अमेरिकेतल्या मार्शा स्मिलॅक पाण्यातल्या प्रतिबिंबांचे फोटो काढतात. त्यांना प्रतिबिंब बघताना सूर ऐकू येतो किंवा स्पर्श जाणवतो, आणि तो जाणवला की त्या खटका दाबतात. मी ऐकून बघते, त्या बघून ऐकतात. फोटोग्राफर स्टीग्लिट्झ यांना हा अनुभव होता असं मी कुठं वाचलेलं नाही, पण १९२२ साली त्यांनी ढगांच्या दहा कृष्णधवल फोटोंच्या मालिकेला संगीत असं नाव दिलं. त्या ढगांच्या छापील प्रती मी तासन्‌तास बघितल्या आहेत. त्यांत रंग नाही म्हणूनच मला तिथं बसायला जागा मिळते.

गेली तीन वर्षं मी मिरजेला महिन्यातून आठवडाभर जाते. चाचा गेले. त्यांचा मुलगा त्याच जागी, तशीच मांडी घालून बसतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या गावात वाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात मात्र पूर्वीइतकी गर्दी नसते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता फोनमध्येच वाजतो. मला त्यातून जो रंग दिसतो तो सपाट आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. खऱ्या तंबोऱ्याची तार घोडीच्या उताराला किंचित चाटत थरथरते, म्हणून एकाच छेडण्यातून वरचे स्वयंभू स्वर एकामागून एक निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. माझ्यासाठी ते स्वर म्हणजे एकाच तांबड्यातून बाहेर येणारे पिवळे, पोपटी, निळे धागे. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, तो कणभर पुढे गेला की धागे मोकळे होतात.

आता कॅमेरा बिनआवाजाचा आहे. राखेचा ठिपका पडत नाही, त्यामुळे फोटो निघतानाही रंग तिथंच असतो. सवय व्हायला वर्ष गेलं.

मागच्या महिन्यात काढलेला एक फोटो परवा प्रिंट केला. मागे लिहिलं आहे: खर्ज, काळी एक, ओली वीट, दोरा सरकल्यावर वरच्या कडेला हळदीची रेघ, नंतर पोपटी. पुढच्या बाजूला चाचांच्या मुलाचा हात आहे, घोडीवर वाकलेला, आणि अंगठ्याच्या नखाला टेकलेला दोरा.