कारखान्याला गेलेली माणसं

बीड जिल्ह्यातल्या आमच्या धारूर तालुक्यात 'कारखान्याला जायचं' म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीसाठी पश्चिमेला जायचं. नगर, सांगली, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटक. १९७२च्या दुष्काळानंतर आजोबा गेले, त्यांच्यामागून आई-अण्णा. बालाघाटाच्या डोंगरावरचं आमचं रान मुरमाड, पिकलं तर पावसावर. दोन-चार हंगाम ऊस तोडू, विहीर पाडू, मग घरीच राहू, असं अण्णा म्हणायचे.

मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की दसऱ्यानंतर निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात दोघं उसाच्या फडात असत. अण्णा तोडायचे, आई मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. दुखलं-खुपलं म्हणून घरी, म्हणजे कोपीत, राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. मी आजीपाशी राहून शाळा शिकलो. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात दोघं परत येत. हिशेब झाला की बहुतेक वेळा अंगावर बाकीच निघायची. ती फेडायला पुढचा हंगाम.

विहीर झाली, पण तिचं पाणी दिवाळीपर्यंतच टिकतं. अण्णा साठी ओलांडेपर्यंत ऊसच तोडत राहिले.

पाळीमुळे खाडा पडू नये, या धास्तीची किंमत बायकांनी शरीरानं मोजली. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. माझ्या चुलतीचंही ऑपरेशन तिशीतच झालं होतं. टाके वाळले न वाळले तोच ती पुन्हा मोळ्या उचलायला गेली.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती हक्काचीच होती. पण आता फडात हार्वेस्टर उतरलंय आणि त्याला सरकारी अनुदानही आहे. सपाट, मोठा फड मशीनला जातो. माणसांच्या वाट्याला लोळलेला, अडचणीचा ऊस येतो. माझ्या चुलतभावानं कोयता ठेवला आणि चाकणला कंत्राटी कामाला लागला. निघाला तोही पश्चिमेलाच.

आमच्या माणसांच्या कष्टात कधी खोट नव्हती; कमी होतं ते पाणी आणि गावातलं काम. मशीनला अनुदान देणाऱ्या सरकारनं बालाघाटावर पाणी अडवण्यासाठीही पैसा द्यावा, इथल्या सीताफळावर प्रक्रिया करणारे उद्योग उभारावेत. आणि तोवर जे जातात, त्यांच्या उचलीचा हिशेब लेखी असावा. एवढं झालं, तरच पुढची पिढी घरी राहील.