दाजींची डिझेल

डिझेल इंजिनाविषयी मला लहानपणापासून आदर आहे. आमच्या विहिरीवरचे पाणी ओढायचे इंजिन हँडल मारून सुरू होई, आणि मग त्याचा संथ, भारदस्त ठोका शिवारभर ऐकू येई. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. याला तीही नको. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी, आणि तीत तेलाचा फवारा मारायचा, की झाला भडका! बिघडलेच तर मिस्त्री बाभळीखाली पोते अंथरून ते खोलायचा, आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा ठोका सुरू.

ज्याचे नाव या इंजिनाला मिळाले त्या रुडॉल्फ डिझेलच्या मनातही असेच काहीसे होते. वाफेची अवजड यंत्रे भांडवलवाल्यांनाच परवडतात. लहान कारागिराला बाळगता येईल असे इंजिन निघावे, ही त्याची इच्छा. 1897 साली आउग्सबर्गला त्याचे इंजिन यशस्वी ठरले. 1913 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. पुढचे पाहायला तो राहिला नाही.

पुढचे म्हणजे आमच्या दाजींची मोटार.

दाजी नोकरीतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी डिझेलची गाडी घेतली. त्यांच्या डोक्यात 2012 साल घट्ट बसले होते. त्या वर्षी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे तीस रुपयांनी स्वस्त होते. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला आणि ते अंतर आटत गेले; दाजींच्या मनातले मात्र आटले नाही. बरे, गाडी जायची कुठे? घर ते मंडई, मंडई ते बँक, गुरुवारी दत्ताचे देऊळ. दिवसाला आठ किलोमीटर.

दुसऱ्या वर्षी एक पिवळा दिवा लागला. विक्रेत्याच्या कारखान्यात सांगितले, धुराचा फिल्टर भरला, नवा घालावा लागेल, 1,12,000 रुपये.

"फिल्टर म्हणजे गाळणीच ना?" ताईने विचारले. "लाखाची गाळणी?"

गाळणीच ती. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे धुराचे कडक नियम आले. डिझेलची काजळी अडवण्यासाठी धुराच्या नळीत ही मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची गाळणी बसू लागली. साठलेली काजळी जाळायची तर तिथे 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते. हमरस्त्यावर गाडी सलग पळाली की ती मिळते. मंडईच्या वाटेवर कुठली मिळायला? मग इंजिन स्वतःच जादा डिझेल फवारून गाळणी तापवू पाहते. तोवर बँक येते आणि दाजी किल्ली फिरवतात. न जळलेले डिझेल हळूहळू वंगणात उतरते. वंगण कमी झाले की धोका, हे आपण जाणतो. इथे पट्टीवर ते वाढलेले दिसले की घाबरायचे!

आणि एवढ्यावर संपत नाही. टायरात हवेचा दाब सव्वादोन बार असतो. आजच्या इंजेक्टरमागे डिझेलचा दाब दीड-दोन हजार बार असतो. त्या दाबाला पाण्याचा थेंब किंवा कचऱ्याचा कण खपत नाही. पूर्वी पंप-नोझलच्या दुकानात शंभर-दोनशेत भागणारे काम आता एकेका इंजेक्टरमागे हजारांत जाते, आणि ते असतात चार.

मी मास्तर माणूस; हिशेब मांडला. वर्षाला 2,400 किलोमीटर. दाजींना लिटरला सोळा पडतात, म्हणजे 150 लिटर, 90 रुपयांनी 13,500. पेट्रोलची गाडी बारा देती, तर 200 लिटर, 104 रुपयांनी 20,800. वर्षाची बचत 7,300. एक गाळणी भरून काढायला पंधरा वर्षे, आणि गाडीची नोंदणी मुळात पंधराच वर्षांची! दाजी कागदाकडे पाहत बसले. फंडातले उरलेले पैसे धाकटीच्या लग्नासाठी होते.

शेवटी आम्ही कराडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाने टेकवून इंजिन कानाने ऐकले. मुलाने संगणकाची वायर जोडली. दोघांचे मत एकच पडले: गाळणी भरली आहे, मेलेली नाही. कुठेकुठे ती कापून सरळ नळी जोडून देतात. मिस्त्रींनी ते नाव काढू दिले नाही. "धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो, साहेब." यंत्राने हुकूम देऊन काजळी जाळली, वंगण बदलले; साडेसहा हजारांत काम झाले. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, ह्यो लांब पल्ल्याचा बैल हाय. तुमच्या पाव्हण्यांनी घाण्याला जुंपलाय."

नुसते हात आणि कान असलेला मिस्त्री आता पुरत नाही, हे मला त्या दिवशी टोचले. नशीब, मुलाने संगणक शिकून घेतला होता.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दाजी गाडी महामार्गावर काढतात. कराड ते सातारा, वरच्या गियरमध्ये, मध्ये न थांबता. तीस वर्षांच्या संसारात जे "कशाला उगाच पेट्रोल जाळायचे" म्हणून कधी घडले नाही, ते आता काजळी जाळण्यासाठी घडते. ताई डबा घेते, थर्मास घेते. अजिंक्यतारा तिने इतक्या जवळून प्रथमच पाहिला. परवा मी सहज विचारले, "दिवा लागला होता का?"

"नाही रे," ती म्हणाली, "पण तो लागायची वाट कशाला बघायची?" आणि आत जाऊन ती धपाट्यांचे पीठ मळू लागली.