पाहुण्यांच्या पानातील बांगडा

माशांतही उच्चनीचभाव आहे, आणि तो समुद्राने निर्माण केलेला नसून आपण निर्माण केलेला आहे. पापलेट आणि सुरमई हे दिवाणखान्यातले मासे. हलवा त्यांच्या पंक्तीला बसणारा. बांगडा मात्र माजघराच्या उंबरठ्याआतला. घरच्या माणसांनी तो बोटे चाटीत खावा, पण पाहुणा येताच त्याचे नावही काढू नये, असा कोकणपट्टीतील पुष्कळ पांढरपेशा घरांचा अलिखित दंडक असे, आणि अजूनही तो सर्वस्वी मोडलेला नाही. या दंडकाचे कारण चवीत शोधू गेल्यास सापडत नाही. बांगडा विपुल मिळतो, स्वस्त मिळतो. आणि जे विपुल व स्वस्त त्याला मान कसा द्यावा, एवढाच काय तो प्रश्न.

आमच्या लहानपणी आमच्या घरीही हाच दंडक होता. एकदा देशावरचे एक स्नेही पूर्वसूचना न देता ऐन जेवणाच्या वेळी दारात उभे राहिले. चुलीवर बांगड्याचे तिखले रटरटत होते. आमच्या मातोश्रींनी ते झाकून बाजूला सारले आणि घाईघाईने आणविलेले पापलेट तळून पाहुण्यांना वाढले. पाहुणे सज्जन होते. त्यांनी चार शब्द कौतुकाचेही काढले. हात धुताना मात्र ते हळूच म्हणाले, ‘‘वहिनी, मघाशी आत कशाचा वास सुटला होता हो? फार सुरेख होता.’’ उत्तर कोणीच दिले नाही. त्या दिवसापासून आमच्या मनात एक शंका घर करून राहिली ती अशी, की पाहुण्याला आपण वाढतो ते अन्न, की आपली प्रतिष्ठा?

मातोश्री आता नाहीत. त्यांच्या हाताला माप ठाऊक नव्हते. ‘अंदाजाने’ हेच त्यांचे वजन आणि हेच त्यांचे घड्याळ. अंदाज हे असे धन आहे की जे मृत्युपत्रात लिहून ठेवता येत नाही. म्हणून त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ बसून, त्यांची मूठ वाटीत रिकामी करवून, आम्ही काही टाचणे करून ठेवली. ती येथे देतो.

प्रथम निवड. पावसाळा ओसरल्यावर आणि हिवाळाभर बांगडा मुबलक येतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते (२०२५ साली महाराष्ट्रात ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी होती), त्या दिवसांत बर्फातल्या जुन्या मालाविषयी सावध असावे. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, आणि बोट दाबून काढताच अंग पूर्ववत् होणारे, तो बांगडा ताजा. ही चिकित्सा केवळ चोखंदळपणाची नव्हे. बांगडा उष्णतेत पडून राहिला तर त्याच्या अंगात हिस्टामीन नावाचे द्रव्य साठते. त्याने अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होते, डोके दुखते. आणि शिजविल्याने ते द्रव्य नाहीसे होत नाही. सबब घरी आणताच साफ करून थंडीत ठेवावा, नाहीतर लागलीच चुलीवर चढवावा.

तिखल्यास वीतभर लांबीचे चार बांगडे घ्यावेत. प्रत्येकाचे तीन तुकडे करून मीठ-हळद लावावी. आठ-दहा ब्याडगी मिरच्या भिजवून हळदीसह गंधासारख्या वाटाव्यात. मातीच्या भांड्यात हे वाटण, पाच-सहा आमसुले आणि बेताचे पाणी घालून उकळी आणावी, मग तुकडे सोडावेत. आता तिरफळ. आठ-दहा तिरफळांतील काळे बी काढून टाकावे, साली किंचित ठेचाव्यात आणि अखेरीस वरून टाकाव्यात. वाटू मात्र नयेत, वाटल्यास कडवटपणा उतरतो. कालथा घालू नये. भांडे दोन्ही हातांनी धरून गोल हलवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. पाणी आटून रस तुकड्यांना धरू लागला की उतरवून वर चमचाभर कच्चे खोबरेल सोडावे आणि झाकण ठेवावे. यात कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही. आमसुलांचे काम केवळ चवीचे नाही; माशाच्या उग्र वासास कारण होणारी द्रव्ये क्षारधर्मी असतात, आणि आंबटातील आम्ल त्यांना बांधून ठेवते. रसायनशास्त्र न शिकलेल्या बायकांनी हे जिभेने ओळखले होते. हे तिखले दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, ही गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असल्यामुळे ते दुसऱ्या दिवसापर्यंत सहसा उरत नाही.

गोव्याकडील उडदामेथी हा याहून सौम्य प्रकार. चमचाभर उडदाची डाळ व पाव चमचा मेथ्या तेलात तांबूस परतून खोबरे, मिरच्या व थोडे धणे यांच्याबरोबर वाटतात. मेथ्यांचा हात जरा सैल सुटला की सारे कडू झाले म्हणून समजावे. त्याच प्रांतातील रेशाद हा मसाला शिर्क्यात वाटलेला. त्याचे मूळ पोर्तुगीज नाव ‘भरलेला’ या अर्थाचे आहे, आणि बांगड्याच्या पाठीला चीर देऊन तो तीत भरतात. तळण्याविषयी एवढेच सांगतो की, बांगडा जात्याच तेलकट असल्याने तव्यावर तेल थोडके असावे, तांदळाचे पीठ व रवा यांचा लेप पातळ असावा, आणि खालची बाजू आपण होऊन सुटेपर्यंत उलटण्याची घाई करू नये. पावसाळ्यात उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा ज्याने खाल्ला आहे, त्याला त्याचे वर्णन नको. ज्याने खाल्ला नाही, त्याला ते पुरणार नाही.

वाढण्याची रीतही सोपी आहे. गरम भात, त्याच्या कडेला तिखले, आणि वाटीत सोलकढी. तळलेला बांगडा डोक्यासकट अखंड वाढावा. तुकडे करून वाढणे म्हणजे तो बांगडा आहे हे लपविणे. काट्यांचे भय अवाजवी आहे. पाठीवरून बोट फिरवून वरचा थर बाजूला केला की मधला काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत एका ओढीत निघून येतो. मुलांना हे एकदा शिकवावे, मग ती मोठ्यांच्याही पानातील काटे काढून देऊ लागतात.

राहता राहिला वास. शहरांतील इमारतींत अलीकडे असे शेजारी भेटतात की जे स्वयंपाकघराच्या वासावरून माणसाची पायरी ठरवितात. काही ठिकाणी तर मासे खाणाऱ्यास घर भाड्याने मिळणेही कठीण होते. अशा वेळी खिडक्या लावून, उदबत्त्या जाळून, चोरट्यासारखा बांगडा तळणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. शेजारधर्म आम्हांस मान्य आहे. धूर बाहेर काढण्याची व्यवस्था अवश्य करावी. परंतु आपल्या अन्नाची लाज बाळगणे हा शेजारधर्म नव्हे. मुले ही लाज फार लवकर शिकतात, आणि शिकली की तिखल्याचे माप टाचून ठेवण्याचेही त्यांना कारण उरत नाही.

याकरिता आमच्या घरी आता मासे खाणारा कोणीही पाहुणा आला, आणि बाजारात चांगला बांगडा असला, तर तोच होतो. क्वचित कोणी पानाकडे पाहून क्षणभर थबकतो. मग पहिला घास जातो, बाह्या वर सरतात, आणि मधला काटा पानाच्या कडेला येऊन पडतो. त्यानंतरच्या गप्पा पापलेटाच्या पंक्तीला रंगलेल्या आम्हांस तरी आठवत नाहीत.