हंगाम सरल्यावरचा ग्रीस

ग्रीस म्हटले की कॅलेंडरवरचे चित्र डोळ्यांपुढे येते. पांढरी घरे, निळाशार समुद्र, कडक ऊन आणि वाळूवर पहुडलेले गोरे पाहुणे. आम्ही पाहिला तो ग्रीस पावसात भिजलेला होता आणि स्वेटर घालून शेकोटीपाशी बसलेला होता.

झाले असे की २०२४ च्या जानेवारीत आम्ही मुलीकडे म्युनिकला होतो. तिला पाच दिवसांची रजा मिळाली. ग्रीसचे विमान जुलैपेक्षा कितीतरी स्वस्त होते. मी महापालिकेच्या रुग्णालयात एकतीस वर्षे आया म्हणून काम केले, मिस्टर रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमची सहल म्हणजे माथेरान, तेही भर पावसाळ्यात, कारण तेव्हा खोली निम्म्या भावात मिळे. त्यामुळे मुलगी म्हणाली, "पप्पा, तिकडे आता ऑफ सीझन आहे," तेव्हा मिस्टर म्हणाले, "मग तो आपलाच सीझन!"

अथेन्समध्ये उतरल्यावर पहिली फजिती त्यांचीच झाली. शहरातल्या फुटपाथवर दुतर्फा संत्र्याची झाडे, आणि जानेवारीत ती फळांनी लगडलेली. एवढी संत्री आणि कोणी हात लावत नाही, याचे मिस्टरांना नवल वाटले. एक तोडून सोलले, फोड तोंडात टाकली आणि तशीच रुमालात काढली. ती कडू संत्री होती. कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारा बाबा पोट धरून हसला. त्याने मिस्टरांना दोन गरम चेस्टनट फुकट दिली, तेव्हा कुठे तोंडाची चव सुधारली.

सहा जानेवारीला तिकडे सण असतो. पिरेयस बंदरात धर्मगुरू समुद्रात क्रूस टाकतात आणि तरुण पोरे त्या थंडगार पाण्यात उड्या मारून तो शोधून आणतात. बोटींचे भोंगे एकदम वाजले तेव्हा मला आमच्या बंदरावरचा एकतीस डिसेंबर आठवला. दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता. नोव्हेंबर ते मार्च पहिल्या रविवारी ॲक्रोपोलिसला तिकीट नसते. इतर दिवशीही तेव्हा हिवाळ्यात दहा युरो, म्हणजे उन्हाळ्याच्या निम्मे तिकीट असे. (ही अर्ध्या तिकिटाची सवलत २०२५ च्या एप्रिलपासून बंद झाली आहे.) आदल्या उन्हाळ्यात तिथे इतका उकाडा झाला होता की जुलैमध्ये भर दुपारी टेकडी बंद ठेवावी लागली, आणि गर्दी इतकी की सप्टेंबरपासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. आम्ही मात्र पार्थेनॉनपुढे निवांत उभे राहिलो. तिथली पुष्कळ शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या अमरावती स्तूपाचे शिलापट्टही त्याच इमारतीत आहेत, हे मुलीने सांगितले तेव्हा त्या उघड्या खांबांकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

पण खरा ग्रीस भेटला तो एजिना बेटावर. पिरेयसहून मोठ्या बोटीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. हे बेट पिस्त्यासाठी प्रसिद्ध आहे. पिस्ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतरवतात, जानेवारीत झाडे अगदी खराट्यासारखी दिसतात. टेकडीवर अफाया देवीचे अडीच हजार वर्षांपूर्वीचे मंदिर आहे. त्याच्या माथ्यावरचे दगडी योद्धे १८११ मध्ये परदेशी लोकांनी उकरून नेले आणि बव्हेरियाच्या राजपुत्राने विकत घेतले. ते आम्ही आधीच म्युनिकच्या संग्रहालयात पाहिले होते. म्हणजे घरचे लोक आधी परदेशात भेटले आणि त्यांचे घर मागाहून पाहिले.

मंदिराखाली आगिया मरीना नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथे हॉटेलांची रांगच रांग, आणि बहुतेक साऱ्यांना कुलपे. खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसेल. एक मांजर आमच्या मागे मागे चालत होते, त्यालाही बहुधा पाहुण्यांची सवय असावी. २०२३ साली या देशात तीन कोटींहून अधिक पाहुणे आले. देशाची स्वतःची वस्ती एक कोटी चार-पाच लाख. कमाईचा पाचवा हिस्सा तरी पाहुण्यांवर चालतो. मग पाहुणे गेल्यावर चूल कशी पेटते, हा प्रश्न आपल्यासारख्यांना पडणारच.

उत्तर त्याच संध्याकाळी मिळाले. बंदरावर परतलो तर वारा सुटलेला. आठ बोफर्टच्या आसपास वारा गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. शेवटची बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमचे विमान, परवा सकाळी मुलीची ड्युटी. तिचा चेहरा उतरला. हंगामात दर थोड्या वेळाने बोटी असतात, हिवाळ्यात मोजक्याच, हे आम्ही गृहीतच धरले नव्हते. जे वाचक असे जातील त्यांनी परतीच्या विमानाआधी एक दिवस हातचा ठेवावा.

जवळच्या कॉफीच्या दुकानात शिरलो. लाकडाची शेगडी, सोंगट्या खेळणारे म्हातारे. त्यातल्या एका आजोबांनी मुलीला जर्मन भाषेत विचारले, "कुठून आलात?" ती चकितच झाली. जर्मनीने १९६० मध्ये ग्रीसशी करार करून कारखान्यांसाठी कामगार नेले, त्यातले हे एक. बावीस वर्षे त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात काढली होती. मिस्टरांनी मुलीमार्फत विचारले, "कोणत्या खात्यात?" फिटिंगमध्ये होते हे कळताच दोघांनी हात मिळवले. पुढचा अर्धा तास मुलगी बिचारी पान्यांची आणि लेथची नावे जर्मनमधून मराठीत आणत बसली. बोलता बोलता मिस्टर म्हणाले, तुमच्यातला मेनांदर आमच्याकडे राजा होता, त्याला आम्ही मिलिंद म्हणतो, त्याच्या नावाने बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले. आजोबांनी मेनांदरचे नाव ऐकले नव्हते. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले.

त्यांनीच शेजारच्या एका बाईंकडे आमची सोय केली. त्या बाई उन्हाळ्यात आगिया मरीनाच्या एका हॉटेलात खोल्या साफ करतात. मे ते ऑक्टोबर, आठवड्याला सहा दिवस आणि गर्दीत सातही. त्यानंतर सरकारकडून जेमतेम तीन महिने बेकारभत्ता. उरलेले महिने दुसऱ्यांच्या बागेत ऑलिव्ह उतरवायचे, टेकडीवरच्या रानभाज्या खुडायच्या. त्या रात्री त्यांनी पांढऱ्या घेवड्याचे दाट सूप आणि उकडलेली रानभाजी लिंबू पिळून वाढली. त्यात मिरची नव्हती एवढेच, बाकी चव आपल्या आजीच्या हातची. मी माझे हात त्यांना दाखवले. फिनेलने आणि साबणाच्या पाण्याने गेलेली नखे. त्यांनी आपली पुढे केली. भाषेची गरज पडली नाही.

त्यांनी आणखी एक सांगितले. बेटांवर बदलून आलेल्या शिक्षकांना, डॉक्टरांना घरे मिळत नाहीत. हिवाळ्यात मिळालेली खोली उन्हाळा आला की रिकामी करावी लागते, कारण मालकाला पाहुण्यांकडून आठवड्यात जे मिळते ते मास्तराकडून महिन्यात मिळत नाही. ज्यांच्यामुळे शाळा आणि दवाखाना चालतो त्यांनाच हंगामात बाहेर काढायचे, ही कोणती रीत? पाहुणचाराचा पैसा वाईट नाही, पण तो कोणाच्या घरात थांबतो हे विचारले पाहिजे.

सकाळी वारा पडला. आजोबा बोटीपर्यंत पोचवायला आले. त्यांची मुले जर्मनीतच राहिली. "ऑगस्टमध्ये येतात, पंधरा दिवस," ते म्हणाले. मग मुलीला त्यांनी काहीतरी विचारले. तिने थोडक्यात उत्तर दिले आणि या वेळी आम्हाला भाषांतर करून सांगितले नाही.

बोट निघाली. बाईंनी दिलेली लिंबांची पिशवी माझ्या मांडीवर होती. बराच वेळ मुलगी पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, एप्रिलमध्ये आपल्याकडे फार ऊन असतं ना?"

"असतं," मी म्हटले. "तरी ये."