कुठे टोचायचं नाही

नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला बायो-सायन्स नावाचा विषय असतो. त्यात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीला मिळून ९० तास. कवटीपासून पायाच्या करंगळीपर्यंतचा अख्खा माणूस या ९० तासांत बसवायचा. आमच्या बॅचला दौंड, शिरूर, इंदापूर, बारामतीकडच्या मुलीच जास्त होत्या. कुणाच्या घरी ऊस, कुणाच्या घरी गुरं, कुणाचे वडील गुऱ्हाळावर. मी वरवंडची. दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं. त्यामुळे सुरुवातीला मॅडम बोलायच्या आणि आम्ही ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवून घ्यायचो: स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, गॅस्ट्रोक्नेमियस. रात्री हॉस्टेलवर पाठांतराचा असा गलका उठायचा की वॉर्डनबाई दारात येऊन विचारायच्या, "कसली आरती चाललीय गं?"

आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमना मात्र पाठांतराचा राग होता. वर्गात चाकांच्या स्टँडवर फायबरचा सांगाडा उभा असायचा. पूर्वी आपल्या देशातून खऱ्या सांगाड्यांचा मोठा व्यापार चाले. १९८५ साली सरकारनं त्या निर्यातीवर बंदी घातली, हेही मॅडमनीच सांगितलं. पण वर्गातल्या सांगाड्याकडे त्या फार वेळ बघू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "याला ताप येत नाही आणि याला सुईही लागत नाही. हाडं स्वतःच्या अंगावर शोधा."

मग वही मिटून शोध सुरू. हासळीवर बोट ठेवायचं आणि बाहेरच्या बाजूला सरकत खांद्याच्या टोकाशी यायचं. तिथून दोन-तीन बोटं खाली जो भरलेला स्नायू लागतो, तो डेल्टॉइड. दंडावरची सुई तिथे. कमरेवरून हात पुढे आणला की परकराची नाडी जिथे टेकते तिथे हाडाचं टोक लागतं. मांडीच्या बाहेरून तळवा दाबून पाय आत-बाहेर फिरवला की हाताखाली खुब्याचं हाड फिरताना कळतं. कमरेचं टोक आणि खुबा या दोन खुणांच्या मधे तळवा पसरला की कुल्ल्याच्या बाजूची सुरक्षित जागा सापडते. पुस्तकात तिला व्हेंट्रोग्लुटियल म्हणतात. आमच्यातल्या एका शिरूरच्या मुलीच्या अंगावर या सगळ्या खुणा बघताक्षणी दिसायच्या, इतकी ती काटकुळी. परीक्षेच्या आधी तिला चहा पाजून आम्ही आळीपाळीनं तिच्या बरगड्या मोजायचो. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जाड मुलीवर शोधून दाखवा. पेशंट काही तुमच्या सोयीचे येणार नाहीत."

त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. "डॉक्टरला अ‍ॅनाटॉमी लागते ती आत शिरायला. तुम्हाला लागते ती कुठे शिरायचं नाही हे कळायला."

सुट्टीत गावी आले की माझा अभ्यास मटणाच्या दुकानावर व्हायचा. बोकडाचं हृदय, गुर्दा आणि श्वासनलिकेसकट फुप्फुसं न कापता आणून उघडून बघा, असा मॅडमचा आदेश होता. दुकानातले चाचा आधी हसले. मग त्यांनी स्वतःच सुरी आवरून सगळं एका तुकड्यात काढून दिलं. घरामागे न्हाणीजवळ पाट मांडून मी बसले. श्वासनलिकेत प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा घालून फुंकर मारली, तर ते मलूल पडलेलं फुप्फुस फुगलं आणि त्याचा रंगच बदलला. धाकटा भाऊ गल्लीतली सगळी पोरं गोळा करून घेऊन आला. नलिका बोटांनी दाबून बघितली. पुढच्या बाजूनं कडक कड्या, मागून मऊ, आणि त्या मऊ बाजूलाच अन्ननलिका चिकटलेली. घास आणि श्वास किती जवळून जातात, हे चित्रात बघून कळलं नव्हतं. हृदय उभं चिरलं. डाव्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड, कारण डाव्याला रक्त साऱ्या अंगाला पोचवायचं असतं आणि उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांना. झडपांना बांधलेले पांढरे दोरे पोरांनीही ओढून बघितले. आजी ओट्यावरून ओरडत होती, "अगं, उद्या एकादशी हाय, हे काय मांडलंयस घरात?"

आजी आमच्या आळीतल्या बाळांना न्हाऊमाखू घालायची. शरीराचं पहिलं शिक्षण मला तिच्याकडूनच मिळालेलं. बाळाची टाळू खोल गेली की ती आईला सांगायची, "पोर सुकलंय, पाजत राहा आणि दवाखान्यात ने." आमच्या पुस्तकात नेमकं हेच आहे. डोक्यापुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत उघडी असते आणि बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं की ती आत जाते. आजीनं पुस्तक न वाचता हे बोटांनी ओळखलं होतं. पण हीच आजी न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात आणि कानात तेल सोडायची. त्या दिवशी मी तिला बोकडाची श्वासनलिका दाखवली. नाकातून सोडलेलं तेल घशात येतं, आणि घशातून अन्ननलिकेऐवजी इकडे उतरलं तर थेट फुप्फुसात. त्यानं न्यूमोनिया होतो. आजी म्हणाली, "तुझा बाप असाच वाढवलाय मी." मी काही बोलले नाही. तिनं ती नलिका हातात घेऊन दाबून बघितली, आतून बोट फिरवलं. नाकात तेल घालणं तिनं त्यानंतर बंद केलं. कानाचं मात्र बरेच दिवस सोडलं नाही.

वर्ष संपण्याआधी आम्हाला एका मेडिकल कॉलेजचा डिसेक्शन हॉल दाखवायला नेलं. नर्सिंगच्या मुलींना सगळीकडे हे मिळतं असं नाही. कित्येकींचं शिक्षण तक्त्यांवरच संपतं. आदल्या रात्री हॉस्टेलवर भुताच्या गोष्टी रंगल्या, सकाळी निम्म्या मुलींनी नाश्ता केला नाही. आत गेल्यावर भीतीच्या आधी मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या वासानं गाठलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकात जळजळ. शिकवणाऱ्या सरांनी आधी टेबलाभोवती उभं करून हात जोडायला लावले. मग सांगितलं, की १९४९च्या मुंबई अ‍ॅनाटॉमी कायद्यामुळे बेवारस मृतदेह शिक्षणासाठी कॉलेजांना मिळू शकतात, पण आता बरेच देह दान केलेले असतात. "हे आजोबा स्वतः अर्ज भरून इथे आलेत," सर म्हणाले. त्या वाक्यानंतर कुणी कुजबुजलं नाही.

सरांनी आम्हाला सगळं दाखवायचा प्रयत्न केला नाही. आम्ही नर्स होणार म्हणून त्यांनी तीनच जागा निवडल्या होत्या: कोपराची खळगी, दंड आणि कुल्ला. कोपरापाशी कातडीखाली शीर दिसली, जिच्यातून आपण रक्त काढतो. तिच्याखाली एक पातळ पडदा आणि त्या पडद्याखाली लगेच धमनी व मीडियन नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू. म्हणजे शीर मिळाली नाही म्हणून सुई खोल खुपसत जायचं नाही. दंडावर, डेल्टॉइडच्या खालच्या अंगाला, रेडियल नर्व्ह हाडाला वळसा घालून जाते. म्हणजे दंडाच्या मध्यावर मागच्या बाजूला टोचायचं नाही. मग त्यांनी कुल्ल्याचा मोठा स्नायू उचलून बाजूला केला. खाली पांढुरकी, चपटी, माझ्या अंगठ्याएवढी रुंद दोरी होती. सायटिक नर्व्ह, शरीरातली सगळ्यात जाड. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग पाडले तर ती आतल्या-खालच्या भागातून मांडीत उतरते. वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात स्नायू जाड आणि नर्व्ह लांब. सुई चुकून तिच्यात किंवा तिच्याजवळ गेली तर पाऊल लुळं पडू शकतं, माणूस पाय फरफटत चालतो. शेजारची मुलगी एकदम म्हणाली, "सर, आमच्या वस्तीवर असा एक मुलगा आहे. तापाच्या इंजेक्शननंतर झालं." सरांनी मान हलवली आणि सगळ्यांना ती नर्व्ह हातमोज्यातल्या बोटानं उचलून बघायला लावली.

परतीच्या बसमध्ये, आमच्याआधी हे शिकलेल्या बायकांचा विचार करताना, मला केडगाव आठवत होतं. वरवंडपासून जवळच, रेल्वेच्या वाटेवर. लहानपणापासून आम्ही त्या गावाला मुक्ती मिशनमुळे ओळखतो. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिथे अनाथ मुलींना आणि बायकांना आसरा दिला. याच रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर होत्या. कल्याणची एक मुलगी एकविसाव्या वर्षाच्या आत तिथल्या मेडिकल कॉलेजात, परक्या देशात, परक्या भाषेत हे सगळं शिकून डॉक्टर झाली होती. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सुरू केलेल्या सेवासदनानं पुढे मुलींना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं, तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, हे आमच्या घरीही एका काकांना पटलेलं नव्हतं. पेशंटच्या अंगाला हात लावल्याशिवाय त्याचं काही करता येत नाही, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत ड्युटी सुरू झाल्यावर मॅडमच्या वाक्याचा अर्थ रोज नव्यानं कळायला लागला. सोलापूर रोडवरच्या अपघाताचा एक तरुण पेशंट आला. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, नाकातून रक्तमिश्रित पाणी. पोट रिकामं करायला रायल्स ट्यूब घालायची होती. ट्यूब किती आत घालायची ते नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात, ते मी मोजलंही. सिनियर सिस्टरनी विचारलं, "याला नाकातून घालायची का?" मी म्हटलं, "नाही. कवटीचा तळ फुटलेला असू शकतो." नाकाचं छत म्हणजे चाळणीसारखं भोकाभोकांचं पातळ हाड. ते फुटलेलं असेल तर नाकातून सरकवलेली नळी मेंदूत जाऊ शकते. अशा पेशंटला ट्यूब तोंडातून घालतात. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून तोंडातूनच घातली.

ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई मनगटावर कोयता बसून आली होती. टाके घालण्याआधी डॉक्टरांनी तिला अंगठा करंगळीच्या टोकाला लावायला सांगितला. तो पोचेना. तर्जनीच्या टोकाला कापूस टेकवला तर तिला कळेना. करंगळीला टेकवला तर कळे. म्हणजे मीडियन नर्व्ह कापली गेली होती. हे भूल देण्याआधीच तपासावं लागतं, कारण भूल दिली की बधिरपणा जखमेचा की औषधाचा ते सांगता येत नाही. नुसते वरून टाके घालून तिला परत पाठवलं असतं तर पुढच्या हंगामात तिच्या हातात कोयता धरवला नसता. तिला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

आता गावी आले की अंगणवाडीतल्या लसीकरणाला मी सिस्टरांच्या मदतीला बसते. ६, १० आणि १४ आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस बाळाच्या डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. एखादी आजी हटकून म्हणते, "मांडीत कशाला? कमरेत द्या की, पोराला पाय हलवायला त्रास नको." मी तिला सांगते, की बाळ चालायला लागेपर्यंत त्याच्या कुल्ल्यावर स्नायू फारसा भरलेला नसतो आणि खालची मोठी नर्व्ह जवळ असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायू जाड असतो आणि तिथे मोठी नर्व्ह किंवा धमनी नसते. बहुतेक जणींना हे एकदा सांगितलं की पटतं.

आमच्याकडे ताप आला, अंग दुखलं की लोक स्वतःच म्हणतात, "डॉक्टर, सुई मारा." गोळीनं बरं झालेलं खरं वाटत नाही. म्हणून वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. सुई मागून घेऊ नका. गोळीनं भागेल का, ते आधी विचारा. तान्ह्या बाळाला कुल्ल्यावर सुई देऊ देऊ नका. स्वतःला कुल्ल्यावर घ्यायची असेल तर उभ्यानं, घाईत, साडी किंवा पँट जराशी सरकवून घेऊ नका. आडवे व्हा, कपडा पुरता खाली करा, म्हणजे टोचणाऱ्याला जागा नीट दिसेल. आणि टोचताना पायाच्या बोटांपर्यंत सणक गेली तर लाजू नका. त्याच क्षणी मोठ्यानं सांगा. टोचणाऱ्यानं औषध न सोडता सुई तिथल्या तिथे बाहेर काढली पाहिजे.