हिरव्याचा पाऊण सेकंद, तांबड्याची दोन मिनिटं

हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला येणारी मराठी मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “नॉर्दर्न लाइट्ससाठी सेटिंग काय ठेवायचं?” बरंचसं उत्तर चटकन देता येतं. लेन्स वाइड, छिद्र एफ २.८ किंवा त्याहून मोठं, आयएसओ १६०० ते ३२००, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचा मात्र एक आकडा मी देत नाही. आकाशात त्या क्षणी कोणता रंग आहे आणि तो किती हलतोय, यावर ते ठरतं. आणि त्यासाठी हा प्रकाश कसा तयार होतो हे ठाऊक असावं लागतं.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने वाहत असतो. हे कण थेट ध्रुवांवर आदळतात असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. या वाऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटासारखं ताणलं जातं. वाऱ्यासोबत आलेलं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि शेपटात ऊर्जा साठत जाते. मग तिथल्या बलरेषा तुटून पुन्हा जुळतात, इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात आणि चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात वातावरणात शिरतात. ट्रोम्सो, स्वीडनमधलं आबिस्को, अलास्कातलं फेअरबँक्स ही ठिकाणं या कड्याखाली येतात. म्हणूनच बहुतेक जण चुंबकीय खळबळीचा केपी निर्देशांक बघून घराबाहेर पडत असले, तरी मी आधी वाऱ्यातल्या क्षेत्राची दिशा बघतो.

आता रंग. हिरवा आणि तांबडा हे दोन्ही ऑक्सिजनच्या अणूचेच, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. धडकेने मिळालेली ऊर्जा अणू ५५७.७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात सोडतो, तेव्हा तो सरासरी पाऊण सेकंद थांबतो. ६३० नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी मात्र जवळजवळ दोन मिनिटं. एवढ्या अवधीत दुसरा कण येऊन धडकला तर ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि प्रकाश पडतच नाही. साधारण २०० किलोमीटरच्या खाली हवा इतकी दाट असते की तांबड्याला ही सवड मिळत नाही. म्हणून तांबडा वर, हिरवा खाली. १०० किलोमीटरच्या आसपास हिरवाही विझत जातो आणि जोराच्या रात्री पडद्याच्या खालच्या काठावर नायट्रोजनची गुलाबी किनार उमटते. ती जवळजवळ तत्क्षणी पेटते.

शटरचं उत्तर इथे आहे. गुलाबी किनार धावू लागली की एक सेकंद, जमल्यास त्याहून कमी. हिरवे पडदे हलत असतील तर दोन ते पाच सेकंद. त्याहून जास्त ठेवलंत तर घड्या पुसल्या जातात आणि हाती नुसता हिरवा डाग येतो. संथ कमान असेल तर दहा-पंधरा सेकंद चालतात. तांबडा तर दोन मिनिटांच्या रेंगाळण्याने आधीच पसरट झालेला असतो, त्यामुळे तिथे वीस सेकंद खुशाल द्या.

लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर तो काढा. हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने सपाट काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये त्याचं व्यतिकरण होतं आणि चित्राच्या मध्यभागी एकात एक वर्तुळं उमटतात. ती नंतर पुसता येत नाहीत. जास्तीची बॅटरी अंगाजवळ ऊबेत ठेवा, आणि कॅमेरा घरात नेण्याआधी पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर दव धरतं.

“फोटोत हिरवं दिसतं, मला तर राखाडी ढगासारखं दिसलं,” ही तक्रारही नेहमीची. कॅमेरा खोटं बोलत नसतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. प्रकाश वाढला की हिरवा, कधी गुलाबीही, डोळ्यांना स्वच्छ दिसतो. पण संगणकावर रंग भडक करून त्या अनुभवाची भरपाई करणं मला मान्य नाही. रंगांमध्ये उंचीची माहिती असते. तांबडा ओढूनताणून खाली आणला की ती माहितीच बिघडते.

ध्रुवीय प्रकाशाचा पहिला फोटो जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेंडेल यांनी १८९२ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या बोसेकोप इथे काढला. त्याच बोसेकोपला १९१० मध्ये नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर आले. हा प्रकाश डोंगरांना टेकतो की त्याहून खूप उंच असतो, याचा वाद तेव्हा जिवंत होता. स्टॉर्मरनी काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावले, मध्ये टेलिफोनची तार जोडली आणि दोन्हीकडून एकाच क्षणी फोटो घेतले. दोन्ही चित्रांत तारे तेच, पण त्यांच्या पार्श्वभूमीवर पडद्याची जागा सरकलेली. त्या सरकण्यावरून उंची काढता आली. पुढे कित्येक वर्षं, हजारो छायाचित्रं घेऊन त्यांनी हे काम नेटाने चालवलं, आणि खालचा काठ बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असतो हे पक्कं झालं. या विषयातलं इतकं देखणं काम मला दुसरं दिसत नाही.

आपल्याकडेही या अभ्यासाचा मोठा ठेवा आहे. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचं क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद आहे, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही तिच्याकडे वळतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हललं. तिथे ते अजून चालू आहे. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली तांबडी झाक टिपली. इतक्या दक्षिणेला तांबडाच का? तो सगळ्यात उंचावर असतो, म्हणून. दूर उत्तरेकडचा हिरवा क्षितिजाच्या आड राहतो.

हौशी छायाचित्रकारांचा वाटा यात कमी नाही. कॅनडातल्या हौशींनी टिपलेला जांभळा पट्टा २०१६ मध्ये शास्त्रज्ञांच्या नजरेत भरला. तो ‘स्टीव्ह’ नावाने ओळखला जातो. फिनलंडमधल्या हौशींच्या छायाचित्रांतून वाळूच्या लाटांसारखा दिसणारा एक नवा प्रकार ओळखला गेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळी उपयोगी पडली ती कोणत्या क्षणी, कुठून फोटो घेतला याची नोंद. तेव्हा उत्तरेला या किंवा हानलेला जा, निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर लावा, जागेची नोंद ठेवा आणि मूळ रॉ फाइल कधीही पुसू नका.